फुल्व्हियाने न शिवलेली फट

मुज्जा गावच्या गोदीत जहाजाचा कोणता भाग किती भार सोसेल, हे संगणकावर काढणारी फुल्व्हिया झेरियाल माझ्या वरच्या मजल्यावर राहते. गुरुवारी माझ्याकडे न्योक्की, म्हणजे बटाट्याचे उकडलेले छोटे गोळे, असतात, तेव्हा ती खाली जेवायला येते.

माझे यजमान एजिदिओ त्याच गोदीत आखणी करत. लाकडाची लवचिक पट्टी वाकवायची, शिशाच्या वजनांनी दाबायची आणि तिच्या कडेने कागदावर जहाजाच्या अंगाचा बाक ओढायचा. आता ते बाक त्यांच्या जागी आलेला लिव्हिओ संगणकावर काढतो. भाराच्या हिशेबाला बसले की मात्र सगळे त्या बाकाचे बारीक सपाट तुकडे करत. फुल्व्हियाला हे पटत नसे. चित्रात जो बाक, तोच हिशेबात हवा, म्हणून तिने स्वतःची पद्धत बसवली. यंदा मुख्य अभियंते कोस्सुत्ता यांनी नव्या जहाजाची पातळ पत्र्याची नाळ, म्हणजे पुढचे निमुळते टोक, हिशेबासाठी तिच्याकडे सोपवली. शुक्रवारच्या बैठकीत उत्तर आले नाही, तर तिची पद्धत कायमची गुंडाळणार होते.

बुधवारी हिशेब लावला, तर जरासा भार पडताच पडद्यावरची नाळ मधोमध उलली.

"पाण्यात उतरायच्या आधीच बुडवलंस की गं," लिव्हिओ म्हणाला.

तिने चित्र मोठे करत करत पाहिले. लिव्हिओने नाळ दोन भागांत काढून एकमेकांना टेकवली होती, पण मध्ये केसाहून बारीक फट राहिली होती. जुन्या पद्धतीत तुकडे पाडताना अशा फटी आपोआप बुजत, म्हणून कुणाला त्या कधी कळल्याच नाहीत.

लिव्हिओ म्हणाला, फट तूच शिवून टाक, कोण बघतंय. शिवले असते तर शुक्रवारी उत्तर तयार असते. गुरुवारी तिने न्योक्की नुसत्या चिवडल्या. म्हणाली, "मावशी, मी शिवलं तर तो बाक माझा होईल. जहाज तर लिव्हिओच्या बाकावरून बांधणार."

बैठकीत तिने उत्तर नसल्याचे सांगितले.

"म्हणजे पद्धत चालत नाही," कोस्सुत्ता म्हणाले.

"चालते. चित्र सांधलेलं नाही, तेवढं पद्धतीनं दाखवलं. सांधून द्या, उत्तर देते."

चित्र कुणाचे, ते तिने सांगितले नाही. लिव्हिओनेच हात वर केला.

त्याने नाळ पुन्हा एकसंध काढली, आणि उत्तर आले: आधी सांधा होता तिथे पत्रा चेपणार, आतून आधाराला एक फासळी हवी. नाळेच्या फासळीविना केलेल्या नमुन्यावर दाब दिला, तेव्हा तो नेमका तिथेच चेपला. कोस्सुत्तांनी फासळी मंजूर केली, आणि पुढच्या जहाजाची नाळही तिलाच दिली.

हल्ली गुरुवारी लिव्हिओही येतो. कुरकुरतो, "हिच्यापायी स्वतःची रेघ भिंगातून बघायची वेळ आली, मावशी."

"बघतोस ना पण?" फुल्व्हिया त्याच्या ताटात आणखी दोन न्योक्की वाढते.