वेताळाचे डोळे

मोठ्या लोकांच्या लिहिण्याच्या जागेत मी पाय ठेवतो आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. घरी कुठलाही कागद आला की तो मीच वाचून दाखवतो, पण स्वतःचं असं काही आजवर लिहिलेलं नाही. त्यात सकाळी झेरॉक्सचं दुकान आणि दुपारी लेक्चर, यात इतका थकवा येतो की सांगायचं ते धड सांगून होईल याची खात्री नाही. सांभाळून घ्या.

आमचा पाडा मोखाड्याजवळ. दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीवर जायचे, म्हणून आश्रमशाळेला सुट्टी लागली की मी शेजारच्या काकांकडे राहायचो. काका बोहाड्याचे मुखवटे दुरुस्त करत. बोहाडा ही आमच्याकडची होळीच्या सुमाराची जत्रा. देवांची, राक्षसांची सोंगं मुखवटे लावून संबळावर नाचतात. एकेक सोंग एकेका घराकडे असतं. जत्रेआधी ते मुखवटे फडक्यात गुंडाळून काकांकडे येत. फुटलेला कान कागदाच्या लगद्याने भरायचा, रंग द्यायचा आणि तोंड भिंतीकडे करून ठेवायचं, कारण डोळे अजून रंगाने काढलेले नसत. डोळे सगळ्यात शेवटी, जत्रेच्या आदल्या दिवशी, नारळ फोडून.

मी आठवीत होतो तेव्हा काकांचा हात थरथरायला लागला. त्यांनी वेताळ माझ्यापुढे ठेवला.

"घाबरतोस कशाला? तो अजून आंधळाच हाय."

मी डोळे काढले. काकांनी लांबून पाहिलं, मग खाली बसून पाहिलं. "बघतोय रं," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून वेताळ माझा झाला. रीत अशी, की ज्याने डोळे काढले त्यानेच दरवर्षी काढायचे. तो आला नाही तर ब्रश दुसऱ्याच्या हातात जातो, आणि मग तो परत मिळत नाही. मला त्या कामाइतकं दुसरं काहीच आवडत नसे. शाळेत बेंचच्या लाकडातल्या गाठीसुद्धा मला डोळ्यांसारख्या दिसायच्या.

अकरावीला जव्हारला आलो, हॉस्टेलवर. ती वर्गात होती. वडील कचेरीत नोकरीला, घर गावातच. सरांनाही ती न घाबरता उलट प्रश्न विचारायची. मला तिच्याकडे नीट बघायलाही जमत नसे.

एकदा मधल्या सुट्टीत बोहाड्याचा विषय निघाला. एक मुलगा म्हणाला, "मी तर लहानपणी वेताळ बघून चपला टाकून पळालेलो." सगळे हसले. सगळ्यात जास्त ती हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला वाटलं, हिच्या लेखी हा सगळा अडाणीपणा आहे. त्या दिवसापासून काकांकडून परतलो की मी नखांतला रंग टर्पेंटाइनने घासून काढू लागलो.

"तुझ्या हाताला कसला वास येतो रे?" तिने एकदा विचारलंच.

"बॅटला तेल लावतो ना."

"अरे वा! क्रिकेट खेळतोस?"

"खेळतो की."

माझ्याकडे बॅट नव्हती. खोलीतल्या मित्राला खरं माहीत होतं. त्याला मी शपथ घातली, वेताळाचं कुणाला सांगायचं नाही, तिला तर मुळीच नाही.

"बरं, बॅट्समन," तो म्हणाला.

मग कॉलेजची मॅच ठरली आणि एक गडी कमी पडला म्हणून मला घेतलं. मॅच नेमकी जत्रेच्या आदल्या दिवशी. काकांचा फोन आला, "कवा निघतोस? नारळ आणून ठेवलाय." मी परीक्षा आहे म्हणालो. ते रागावले नाहीत. "बरं. नातवाला देतो मग," म्हणाले.

दिवसभर उन्हात बाउंड्रीवर उभा होतो. चेंडू माझ्याकडे फारसा आलाच नाही. ती मॅच बघायला आली नाही.

बारावीनंतर ती नर्सिंगला नाशिकला गेली. मी अजूनही फाल्गुनात काकांकडे जातो. कान भरून देतो, रंग ढवळून देतो. नातू डोळे काढायला बसला की बाहेर जातो.

गेल्या आठवड्यात तो हॉस्टेलचा मित्र दुकानात आला. त्याचे कागद मशीनवर लावले, तेवढ्यात म्हणाला, "ती भेटलेली डेपोत. लग्न ठरलंय. मोखाड्याला मामाकडे पत्रिका द्यायला निघालेली."

"मोखाड्याला तिचा मामा आहे?"

"म्हणजे काय! त्यांच्याकडेच तर वेताळाचं सोंग आहे. मामा नाचायला लागला की लोक पळायचे आणि ही लहानपणी त्याच्या कडेवर चढायला बघायची. स्वतःच सांगत होती, हसत हसत."

मी मशीनचं झाकण धरून उभा राहिलो.

"तुझ्या त्या मॅचच्या वेळी ती जत्रेलाच गेलेली," तो म्हणाला. "आल्यावर मला विचारलं होतं, मामाचा वेताळ यंदा बघतच नाही, आधी डोळे काढणारा पोरगा तुमच्या हॉस्टेलला असतो म्हणे, कोण रे तो? परवा परत तेच विचारलं."

"मग तू काय सांगितलंस?"

"माहीत नाही म्हणालो. तेव्हाही आणि परवाही. तुझ्याच आईची शपथ घातलेलीस तू, मी कशी मोडू?"