भावाच्या नावची मूठ

साहेबांनी माझ्या भावाला बंगल्याच्या अंगणात कान धरून उभं केलं. गाडी धुताना ओरखडा पडला, एवढंच. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. हातात त्यांच्याच पोळ्यांची कणीक. साहेब म्हणाले, "तुझ्यासारखी माणसं मेली तरी काय फरक पडतो?" मॅडम हसल्या. भावानं मान डोलावली. मला त्याचीच भीती वाटली.

दीपनगरच्या कॉलनीत मी त्यांच्याकडे स्वयंपाक करायची, तो गाडी चालवायचा. त्या दिवसापासून त्याचं जेवण सुटलं. झोप गेली. बोललाच तर एवढंच, की मी सगळ्यांना ओझं झालोय. मग श्रावणात एकदम शांत झाला. हसायलाही लागला. जिवापाड जपलेली मोटारसायकल मित्राला देऊन टाकली. फुकट. आई म्हणाली, चला, पोरगं सावरलं. मला मात्र आतून कसंतरीच होत होतं.

कानबाई देवीच्या सणासाठी पारोळ्याजवळ आमच्या गावी गेलो. आमच्यात देवीच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं गहू घेतात, सव्वा मूठ. आधी वडिलांच्या, आबांच्या नावचे घेतले. मग भावाच्या नावानं हात घातला, तर तो हळूच म्हणाला, "अक्का, मना नावनी मूठ लेऊ नको."

"काहीबी बोलस!" काकू हसली. मी त्याचा हात धरला.

त्याला मागच्या दारी नेलं. विचारलं तर खरंच होईल, असं वाटत होतं. तरी विचारलं, "जीव देवाना इचार येस का रे तुले?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "हां, अक्का. रोज येस."

आणि रडायला लागला. मीही रडले. पण त्याचा हात सोडला नाही. आबांना सांगितलं. काकू म्हणाली, सणाचं घर सोडून दवाखान्यात जाऊ नका. आबा उठले, पायात चपला घातल्या आणि म्हणाले, "चाल, बेटा."

जळगावच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांनी त्याला दाखल करून घेतलं. मी बाहेर बाकावर बसलेली, तेवढ्यात मॅडमचा फोन आला. भावाला दाखल केलंय, हे सांगितलं, तर म्हणाल्या, "उद्या पाहुणे आहेत. तुम्हा लोकांची नाटकं नेहमीचीच. सकाळी दोघंही हजर पाहिजेत."

"मी येणार नाही. तोही येणार नाही." नोकरी जाईल, हे कळत होतं. पण बोलले.

भीती अजून गेलेली नाही. भाऊ आता घरी आहे, औषधं घेतो, तरी त्यानं आतून कडी लावली की मी हाक मारते. मारत राहीन. आणि कुणाचंही पोरगं असं एकाएकी शांत झालं, जपलेल्या वस्तू वाटायला लागलं, तर मी त्याला तोंडावर विचारणार. लोकांनी अभद्र म्हणावं, चोंबडी म्हणावं. घाबरत घाबरत का होईना, मी विचारणार.