दुधातला एच

आमच्या साडूंइतका संशयी माणूस उभ्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही. माणसांवर त्यांचा आंधळा विश्वास. संशय फक्त वस्तूंवर. जेवायला बोलवावं, तर आधी आमच्या स्वयंपाकघरात शिरून गॅसचं बटन बघणार, मग हात धुणार. एकदा लग्नाला निघालो, तर चौसाळ्यापासून गाडी मागे वळवली, कुलूप ओढून बघायला! "अहो, मी स्वतः लावलंय," मी म्हणालो. "तुमी लावलं हो, पर ते लागलं का?"

तेलगावजवळच्या एका दूध संघात ते संगणक सांभाळायचे. दूध तपासलं की त्याचा दाखला सर्व्हरवरच्या डेटाबेसमधून आपोआप मेलनं मोठ्या डेअरीला जाई. दाखल्याशिवाय डेअरी टँकर आत घेत नसे. एकदा भर उन्हाळ्यात, दुपारी, मी सहज तिथं गेलो, तर टँकर डेअरीच्या फाटकावर तासभर उभा आणि दाखला गेलेलाच नाही. मेलच्या सेटिंग्ज संघाच्या मॅनेजरनं सकाळीच नव्यानं भरल्या होत्या. "समदं बरोबर हाय, दोनदा बघितलं," तो कपाळ पुसत म्हणाला, "दूध नासायलंय, टँकर वापस बोलवू."

"टँकर हलायचा न्हाई," म्हणत साडूंनी खुर्ची ओढली. मेलची सोय चालू? चालू. खातं? आहे. पोर्ट? बरोबर. पासवर्ड पुन्हा भरला. प्रत्येक वेळी चाचणी मेल, प्रत्येक वेळी अपयश. मॅनेजरच्या येरझारा चाललेल्या, साडू ढिम्म. शेवटी मेल सर्व्हरचं नाव ते अक्षरावर बोट ठेवून वाचू लागले आणि एका जागी थबकले.

"हे काय लिवलंय? डी, यू, डी?"

"दूद!" मॅनेजर म्हणाला. "फोनवर सांगितलं तसंच लिवलं की."

आम्ही सगळेच दूद म्हणतो, पण सर्व्हरला ते कसं कळावं? साडूंनी त्या शब्दाच्या शेवटी एक एच टाकला, दाखला पुन्हा पाठवला आणि दहा मिनिटांत टँकर आत गेला.

त्या दिवसापासून साडूंचा मेलवरचाही विश्वास उडाला. सर्व्हर रोज सकाळी सातला एक चाचणी मेल माझ्या पत्त्यावर पाठवील अशी सोय त्यांनी केली. पाच मिनिटांनी फोन यायचाच, "साडू, पोचलं का?" मी जाम वैतागायचो.

गेल्या वर्षी साडू गेले. मेल बंद करायचं कुणाला सुचलं नाही. अजून सातला येतो. मी जागाच असतो. पोचलं, असं सांगावंसं फार वाटतं.