नऊ झाडांची शिंदी

बिरप्पाने आयुष्यात डोकेदुखीची गोळीही गिळली नव्हती. म्हणून शाळेच्या बसचालकांच्या लघवीची तपासणी झाली आणि त्याच्या पट्टीवर झोपेच्या गोळ्यांच्या रकान्यात एकच रेघ उमटली, तेव्हा बाटल्याच बदलल्या असणार असं त्याने ठामपणे सांगितलं. दोन रेघा म्हणजे साफ, एक म्हणजे औषध सापडलं, असं लॅबमधल्या विजयमालाताईंनी समजावलं. नमुना मोठ्या लॅबला गेला. तिथंही तेच. बसमालक श्रीमंतशेठनी किल्ली काढून घेतली.

“रोज काय पिता?” ताईंनी विचारलं.

“शिंदी. सांजच्याला दोन गिलास. ती काय नशा व्हय ताई? झाडाची हाय.”

“एवढी झाडं आहेत कुठं?”

बिरप्पा हसला. विचारावं तर धनगराला. मेंढरांमागं त्याने सगळा मुलूख पालथा घातला होता. तो बोटांवर मोजू लागला. ओढ्याकाठी पाच, माळावर तीन, देवळामागं एक. नवव्या बोटावर हसू मावळलं. शिंदीच्या दुकानात तर रोज दीडशे माणूस पिऊन जातं.

“पाणी आन् गुंगीची पावडर,” तो पुटपुटला. “आन् मी पोरं भरून गाडी हाकतुया.”

त्याच दिवशी त्याने शिंदी एकदम सोडली, आणि तिथंच चुकला. तिसऱ्या दिवशी कपातला चहा बशीत सांडू लागला, डोळ्याला डोळा लागेना. बायको चंद्रिकाने त्याला दवाखान्यात ओढून नेलं. डॉक्टर आधी रागावले. हे एकदम सोडलं तर फिट येते, जीवही जातो, आणि वर दारू पडली तर श्वास मंदावतो. मोजून गोळ्या देत, पायरीपायरीने उतरवायचं ठरलं. गोळ्यांची डबी चंद्रिकाच्या ताब्यात गेली. अर्धी म्हणजे अर्धीच, त्यात बिरुदेवाचंही ऐकणार नाही, असं तिने बजावलं. तोवर बिरप्पा शेठच्या बस धूत राहिला. जुने सोबती देवमाणूस म्हणून चिडवत. तो पाइपाचं पाणी त्यांच्याकडं वळवी.

शेवटची गोळी संपून दीड महिना झाला. पुन्हा पट्टी.

“दुसरी फिकट हाय की,” बिरप्पा पट्टी उजेडाला धरत म्हणाला.

“फिकट असली तरी रेघच ती. तुम्ही साफ आहात.”

चंद्रिका पदरात हसली. “दोन रेघा बघून एवढा आनंद दोन्ही पोरांच्या येळंलाबी झाला न्हवता ह्यास्नी.”

सकाळी शेठनी स्वतः किल्ली हातावर ठेवली. सात रस्ता चौकाच्या गर्दीत पिवळी बस शिरली. आत चाळीस पोरं कालवा करत होती, आणि स्टिअरिंगवरचे हात दगडासारखे स्थिर होते.