लेकरं मात्र पहिल्याइतकीच

एका वैशाखात मी पवित्र शास्त्रात सुधारणा केली. कुणी सांगितलं नव्हतं, मलाच सुचलं.

पोलीस ॲक्शनला तेव्हा थोडीच वर्षं लोटली होती. निजामाच्या अमदानीत उर्दूतून शिकलेला मी, राजवट पालटताच मराठीच्या असा काही प्रेमात पडलो, की नव्या नवरीला दागिन्यांनी मढवावं तसं साध्या वाक्यालाही संस्कृत शब्दांनी मढवू लागलो. घरी पाण्याऐवजी ‘जल’ मागे. आई ऐकून न ऐकल्यासारखं करी आणि मी तहानलेलाच राही. अखेर जिभेला बरं वळण लागावं म्हणून तिनंच मला रोज दुपारी सुंदरामावशींकडे शास्त्र वाचून दाखवायला धाडलं. मावशी आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या जुन्या बायबलबाई. ऐन उमेदीत फुलंब्रीपासून पिशोरपर्यंत पायी हिंडून, ओट्याओट्यावर बसून त्यांनी बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगितल्या होत्या. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पुस्तक उशाशी असे, अक्षरं मात्र धुक्यापलीकडे गेली होती.

औरंगाबादच्या छावणीतल्या त्या दुपारी मला आजही आधी वासानं आठवतात. दाराला ओल्या वाळ्याचा पडदा, त्यातून गाळून आलेला हिरवट, पाण्याखालचा वाटावा असा उजेड, आणि त्या उजेडात मावशींची बाज, गोधडी, कोपऱ्यातला रांजण, सारंच किंचित तरंगत असल्यासारखं. बाहेर उन्हात कडुलिंबाचा शेवटचा मोहोर झडत असे आणि त्याचा कडसर सुगंध वाक्याच्या मधल्या विरामांत येऊन बसे. माझा स्वर मलाच इतका मधुर लागे, की अर्थाकडे लक्ष द्यायला सवडच नसे.

वाचन उरकलं तरी मी उन्हं कलेपर्यंत तिथंच रेंगाळे, कारण मावशींची सांजेची प्रार्थना मला ऐकायची असे. पाऊस, चर्चच्या पाळकसाहेबांचा दमा, शेजारणीची गाभण म्हैस, असं सगळं देवाच्या कानावर घालून झालं, की शेवटी त्या हलक्या आवाजात म्हणत, “माझ्या शांतवनला आन कृपाला माझा सलाम सांग, बापा.” ही त्यांची दोन लेकरं. पटकीच्या साथीत, एका आठवड्यात गेलेली. आम्हा ख्रिस्ती माणसांत भेटताना, निघताना सलाम करायची रीत; मावशी तो रोज असा देवाच्या हाती पाठवत, बाजाराला निघालेल्या माणसाकडे निरोप द्यावा इतक्या सहज.

आणि मग एका दुपारी वाचनात ती गोष्ट आली. एका नीतिमान माणसाची गुरंढोरं, शेरडंमेंढरं, लेकरं सारी एका दिवसात जातात. तो रडतो, देवाशी भांडतो, आणि शेवटी देव त्याला सारं परत देतो. मेंढरं दुप्पट, उंट दुप्पट, बैल दुप्पट. लेकरं मात्र पहिल्याइतकीच. मला ते खटकलं. जनावरांच्या बाबतीत एवढा सढळ झालेला देव लेकरांच्या वेळी हात का आखडतो? समोर लेकरं गमावलेली म्हातारी बसलेली. माझ्या अंतःकरणात करुणा दाटली, आणि माझी करुणा नेहमीच माझ्या अकलेच्या पुढं धावत असल्यानं, मी भरदार स्वरात लेकरंही दुप्पट करून टाकली.

मावशींचा पंख्याचा हात थांबला.

“मंजी लेकरंबी दुप्पट?”

“हो.”

“नीट बघून सांग, लेका.”

“छापलंय तसं,” मी म्हणालो.

पंखा त्यांनी गोधडीवर ठेवला. मग म्हणाल्या, “मग माझंच चुकलं व्हय. मी समजत व्हते, जनावरं मेली ती मेली, म्हनून दुप्पट द्यावी लागली. लेकरं मेली नाय, देवापाशी हायेत, ती धरूनच दुप्पट व्हतात. येवढ्यावर तर मी जगले.” आणि थोड्या वेळानं, “पन शास्त्रात तसं आसंल तर तसंच खरं, लेकरंबी मेली ती मेली. माझं डोकं म्हातारं झालंय, तू तर बघून वाचतोस.”

त्या सांजेला सलाम नव्हता. पावसानंतर, दम्यानंतर, म्हशीनंतर थेट आमेन. दुसऱ्या दिवशीही तेच. पाण्याखालच्या त्या उजेडात मी बसून राहिलो आणि प्रथमच मला माझा स्वर ऐकू येईना. ‘ग्रंथप्रामाण्य’ हा शब्द मी नुकताच शिकलो होतो आणि जिथं तिथं वापरत होतो. वापरताना डोळ्यांपुढं जाडजूड पुठ्ठा आणि सोनेरी कडा येत. त्याचा भार असा असतो हे ठाऊक नव्हतं. पुस्तकात आहे म्हटल्यावर एक बाई स्वतःची दोन लेकरं निमूटपणे सोडून देते, आणि त्या पुस्तकाच्या व तिच्या मधे उभा असतो केवळ माझ्यासारखा एक वाचणारा.

तिसऱ्या दुपारी मी विचारल्यावाचून तेच पान काढलं. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून, अडखळत, मेंढरं, उंट, बैल पार केले, आणि लेकरं आली तेव्हा लिहिलंय तेवढीच वाचली. पडद्यावरून पाण्याचे थेंब ओघळत होते. मावशींनी हात लांबवून पान चाचपलं, जणू बोटांना तरी दिसेल.

“आज खरं वाचलंस,” त्या म्हणाल्या.

“कशावरून?” मी न राहवून विचारलं.

“परवा लई गोड वाचलं व्हतंस.”

बाकी काही नाही. सांज झाली, मोहोराचा वास आत आला, प्रार्थना सुरू झाली. पाऊस, दमा, म्हैस. मी डोळे मिटण्याऐवजी त्यांच्या ओठांकडे पाहत होतो. सलाम निघाला, शांतवनला, कृपाला. वाटलं, झालं, आपली चूक निस्तरली. उद्या जरा लवकरच यावं.

आमेननंतर मावशींनी पुस्तक उशाशी सरकवलं.

“आईला माझा सलाम सांग,” त्या म्हणाल्या, “आन म्हनावं, शास्त्रावर माझा भरवसा हाय, तुझ्या पोरावर नाय. उद्यापासून दुसरं कुनी धाड.”