मंगळवारची उसळ

कोकणात गाडीने हिंडायचं, गावोगावचे मासे खायचे, असा आमचा बेत होता. आई मात्र अडून बसली होती. धारहून देवासला येताना बसमध्येही तेच. "तुम्ही जा. मी तिथे काय खाऊ?"

पुढच्या सीटवरची बाई पदराने खिडकीची कड पुसत होती. ती मागे वळली. "काकू, माझं माहेर मालवणचं. सोमवारी आमच्याकडे मासे शिजतच नाहीत. आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी. सोमवारी पोचा."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी कालची उसळ. ती आणखी चांगली लागते." आणि ती पुन्हा कड पुसू लागली.

इंदूरला ती उतरली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

देवास आलं. उतरताना आई म्हणाली, "बरोबर सेव किती घ्यायची रे?"

माझा जीव भांड्यात पडला.