प्यायचं पाणी

कुणाच्या मौतीला गेलो की मला अहमदपूरच्या स्मशानातला तो म्हातारा आठवतो. लातूर जिल्हा नुकताच झाला होता, दुष्काळ होता आणि माझे वडील गेले होते. आम्ही दाटीनं रचलेली लाकडं त्यानं काढून पुन्हा सैल रचली.

"आगीला वारा लागतो," तो म्हणाला. "आन् बोटातली अंगठी आत्ताच काढा, मागून राखंत हुडकत बसाल."

चितेभोवती फिरायचं मडकं भरायला गेलो, तर नदी कोरडी. त्यानं झाडाखालची आपली कळशी आणून मडक्यात रिकामी केली.

"बाबा, हे तुमचं प्यायचं पाणी!"

"मला मिळंल कुठंबी. बापाला कोरडं धाडता का?"

खांद्यावरच्या मडक्यातून ते पाणी माझ्या पाठीवर ओघळलं, आणि सकाळपासून दाबून धरलेलं रडू फुटलं.